कप जिंकला तर परत जाऊ

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. माझी मराठी शाळा भोसरीला चौथीपर्यंत झाली, त्यापुढचं मराठी मी आईच्या बोलण्यातून, आणि खरं सांगायचं तर तिच्या ओरडण्यातून शिकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा आयटीआय, आई दहावी. एका क्लबचा इतिहास लिहायला मी कोण, हा प्रश्न मला हे लिहितानाही पडलेला आहे. क्लबवर लिहिणारी जाणती माणसं ऑकलंडमध्ये पुष्कळ आहेत. त्यांना सामने पाठ आहेत. मला सामन्यांपेक्षा सामन्यात आई काय ओरडली तेच जास्त आठवतं.

पण पहिल्या वर्षाला इतिहासाच्या ट्यूटरने सांगितलं, जवळून माहीत असलेल्या एखाद्या संस्थेचा इतिहास लिहा. कुणी चर्च घेतलं, कुणी आपली शाळा. मी रग्बी लीगचा क्लब घेतला. इंग्रजीत लिहिला, बरा झाला. मात्र त्यात आमचं घर कुठेच बसेना. आणि आमच्या घराशिवाय तो इतिहास मला अर्धा वाटत होता. राहिलेला अर्धा इथे मांडतो. चुकलं तर समजून घ्या.

आम्ही ऑकलंडला आलो ते २०११ च्या, इथल्या हिवाळ्यात. भोसरीत बाबा गाड्यांचं डेंटिंग करायचे, इथे पेनरोजच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांना तेच काम मिळालं. फक्त इथे त्याला पॅनल बीटर म्हणतात. हिल्सबरोच्या उतारावर आम्ही भाड्याने एक छोटं युनिट, म्हणजे शेजाऱ्याला लागून असलेलं बैठं घर, घेतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली खाडी दिसायची. आईला ती आवडायची नाही. ती म्हणायची, "कधीही बघा, निम्मं पाणी कुठेतरी गेलेलंच असतं." आईला तेव्हा काहीच आवडायचं नाही. तिला परत जायचं होतं. आठवडाभरातच तिने बाबांना तसं स्पष्ट सांगितलं होतं.

त्या वर्षी न्यूझीलंडमध्ये रग्बीचा वर्ल्ड कप होता. गाड्यांना झेंडे, दुकानांत झेंडे. वर्कशॉपच्या मालकाने बाबांना सांगितलं, "रग्बी बघत जा. म्हणजे चहाच्या सुट्टीत बोलायला विषय मिळेल." बाबांनी हे अगदी मनावर घेतलं. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या युनिटमध्ये एक माओरी बाई राहायच्या, मोठ्या हाडापेराच्या, मोठ्याने हसणाऱ्या. पहिल्याच दिवशी आईने आम्हाला त्यांना आन्टी म्हणायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "किया ओरा! मला सगळे आन्टीच म्हणतात, तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांच्या टीव्हीवर रग्बी लागायची. आम्ही तिघं त्यांच्या सोफ्यावर बसून शिकायला लागलो.

तीन आठवडे बाबांनी घासून अभ्यास केला. सहा वेळा पकडलं की बॉल द्यायचा. एका बाजूला तेरा माणसं. मग एका सोमवारी चहाच्या सुट्टीत त्यांनी तोंड उघडलं आणि वर्कशॉप हसून हसून आडवं झालं. कारण वर्ल्ड कप होता तो पंधरा जणांच्या रग्बीचा. तो खेळ वेगळा. आन्टीकडे लागायची ती तेरा जणांची, रग्बी लीग. नियम वेगळे, माणसं वेगळी, भांडणं जुनी. अख्खा देश एका परीक्षेला बसला होता आणि बाबा भलत्याच पुस्तकाचा अभ्यास करून गेले होते.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई या देशात पहिल्यांदा हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा तिच्याकडे बघत म्हणाले, "आता हेच बघायचं. एवढं शिकलोय ते वाया कशाला घालवू?"

अशा चुकीने आम्ही त्या क्लबचे झालो.

क्लबचा इतिहास आन्टीने आम्हाला सोफ्यावर सांगितला, पुराण सांगावं तसा. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या स्पर्धेत सगळे क्लब त्यांचे, आणि समुद्राच्या अलीकडचा हा एकटाच. नव्वदच्या दशकात तो उभा राहिला. पहिल्या सामन्याला स्टेडियम फुटेल इतकी गर्दी. "ढोल होते, धूर होता, आणि मी नव्या बुटांत होते," आन्टी म्हणायची. "मग काय झालं?" मी विचारायचो. "हरलो ना!" मग मालक बदलले. मग क्लब बुडायची वेळ आली. मग पुन्हा मालक बदलले. मग एकदा कसा कोण जाणे फायनलला गेला. "मग?" "हरलो!" हे ती इतक्या आनंदाने सांगायची की आईला वाटलं, इंग्रजी ऐकण्यात आपलीच काहीतरी चूक होते आहे.

आईचे प्रश्न वेगळे होते. लीगमध्ये रेषेपलीकडे बॉल टेकवला की त्याला ट्राय म्हणतात. आईने मला विचारलं, ट्राय म्हणजे प्रयत्न ना?

"हो."

"नुसत्या प्रयत्नाला मार्क? म्हणून हा देश मला कळत नाही."

मग एक दिवस आमच्या खेळाडूने चौघांना अंगावर घेत बॉल टेकवला आणि पंचाने सांगितलं, नो ट्राय. आई सोफ्यावरून उठलीच. "अहो, केला की त्याने प्रयत्न! सगळ्यांनी बघितलं! आणखी काय करायचं माणसाने?"

आन्टीने भाषांतर मागितलं. मी भीत भीत केलं. आन्टी सोफ्यावर आडवी झाली. त्या दिवसापासून पंचाने ट्राय नाकारला की आन्टी आईकडे वळून म्हणायची, "ही ट्राइड, डार्लिंग. वी ऑल सॉ इट."

आणि त्याच वर्षी, आम्ही नवखे असताना, क्लब फायनलला गेला.

ते नवरात्राचे दिवस होते. इथे तेव्हा वसंत असतो. आईने स्वयंपाकघराच्या ओट्यावर घट बसवला होता, बागेतल्या मातीत, आणि गहू छान वर आले होते. संध्याकाळी सामना. सकाळपासून बाबा जमिनीवर नव्हते. क्लबच्या रंगाचा टीशर्ट घालून ते घरभर फिरत होते आणि कुणी विचारलं नाही तरी "आज होणार" म्हणत होते. आई घटाला पाणी घालत होती. तिला म्हणाले, "अगं, आज हे जिंकले ना, तर तू म्हणशील ते!"

आईने हात थांबवला. "मी म्हणेन ते?"

"म्हणशील ते."

"कप जिंकला तर परत जाऊ."

बाबा एवढे तरंगत होते की क्षणभरही थांबले नाहीत. "जाऊ!"

"घटासमोर बोलताय."

"घटासमोर बोलतोय. यांनी कप जिंकला की परत जाऊ."

इथे बाबांबद्दल एक सांगायला हवं. लग्नात आईने त्यांच्याकडून तंबाखू सोडायचा शब्द घेतला होता. मांडवातून बाहेर पडताना त्यांनी पुडी नाल्यात टाकली ती टाकलीच. शब्द दिला की बाबांचा विषय संपतो. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि संध्याकाळी आन्टीच्या सोफ्यावर टेकताना बहुतेक बाबांनाही आठवलं, कारण ते एकदम गप्प झाले.

मी दहा वर्षांचा होतो. नव्या शाळेत मला नुकताच एक मित्र मिळाला होता. अनवाणी शाळेत यायचा, आणि कोणी काही म्हणत नव्हतं. मला हा देश फार आवडायला लागला होता. त्या सामन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा एकाच वेळी दोन्ही बाजूंनी ओरडलो.

आम्ही हरलो. बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की आन्टी म्हणाली, "बिचारा, किती लागलंय त्याला." मग ती आईच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "नेक्स्ट इयर, डार्लिंग. नेक्स्ट इयर इज आवर इयर."

आईने शांतपणे बाबांकडे बघितलं. "ते हरले. शब्द हरला नाही. पुढच्या वर्षी."

त्यानंतर काय झालं ते मला नीट लिहिता येईल की नाही शंका आहे, कारण आठवलं की हसू येतं. घरातला सगळ्यात कडवा पाठीराखा आई झाली. बाबांना खेळ आवडायचा, मला खेळाडू आवडायचे. आईला कप हवा होता. ती एका रेस्ट होमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, लाँड्रीत कामाला लागली आणि पहिल्या पगारातून तिने आमच्यासाठी तिकिटं काढली. स्टेडियमच्या गवताच्या उतारावर आम्ही बसायचो. आई पंजाबी ड्रेसवर क्लबची जर्सी चढवायची आणि पिशवीत भडंग. गेटवरच्या माणसाने पहिल्यांदा विचारलं, हे काय? आईने त्याच्या तळहातावर मूठभर ठेवलं. पुढच्या सामन्याला तो लांबूनच हात पुढे करून उभा.

आई शाळेत कबड्डी खेळायची. तालुक्यापर्यंत गेली होती. आमच्या संघाचं दुखणं तिला लगेच कळलं: वरवर मिठ्या मारतात, खाली कोणी जात नाही. समोरचा खेळाडू बॉल घेऊन सुटला की आई उतारावर उभी राहून ओरडायची, "पाय धर! अरे पाय धर त्याचे!"

मराठी माणसाला हे ऐकून हसू येईल. मलाही यायचं. आमचा अंगाने डोंगराएवढा खेळाडू समोरच्याचे पाय धरून विनवण्या करतोय, असं चित्र डोळ्यांसमोर यायचं. पण आजूबाजूला कोणाला मराठी येत नव्हतं. त्यांना ती आरोळी आवडली. आधी आन्टी ओरडायला लागली, मग आन्टीच्या बहिणी, मग मागे बसणारं एक टोंगन कुटुंब. दोन वर्षांत उताराचा आमचा कोपरा एका सुरात "पाय दर! पाय दर!" म्हणायला लागला. एकदा आमच्या एका खेळाडूने खरंच पळत्या माणसाचा घोटा धरून त्याला पाडला, आणि सगळा कोपरा आईकडे वळून टाळ्या वाजवायला लागला. आईने मान लववून त्या घेतल्या.

क्लब हरत राहिला. कोच आले, गेले. दरवर्षी मार्चमध्ये दोन सामने जिंकायचे आणि आई मावशीला फोन करायची, "दिवाळीला येतोच." जुलैत ती गुणतक्ता घेऊन बाबांसमोर बसायची. "अजून शक्य आहे. यांच्या वरचे तिघं सगळे सामने हरले तर."

"तिघंही?"

"का? हे हरतात की सगळे."

बाबा मान डोलवायचे. कधी "चूक झाली, शब्द सोड" म्हणाले नाहीत. पण पुढे त्यांनी कर्ज काढून ते युनिट विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा बँकेतून येताना मला हळूच विचारलं, "यंदा टीम कशी आहे रे?" मी म्हटलं, "वाईट आहे." ते म्हणाले, "खूप वाईट?" मी म्हटलं, "खूप." त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली.

माझं तर विचारूच नका. मला त्यांनी प्रत्येक सामना जिंकायला हवा होता, फक्त कप नको होता. भिंतीवर खेळाडूंचे फोटोही होते. नवव्या यत्तेत शिक्षकांनी विचारलं, पुढे काय व्हायचंय? मला युनिव्हर्सिटीत जायचं होतं. घरात कोणी गेलेलं नव्हतं, म्हणून ते मोठ्याने म्हणायलाही मी चाचरत होतो. पण त्यांना कसं सांगणार, की सर, ते क्लबवर आहे.

सीझन संपायचा तो गणपतीच्या आसपास. आम्ही मागच्या अंगणात मोठ्या टबमध्ये विसर्जन करायचो. एका वर्षी आन्टी आली होती. आम्ही तिघांनी घसा ताणून "पुढच्या वर्षी लवकर या" म्हटलं, तिने अर्थ विचारला. मी म्हटलं, "कम अर्ली नेक्स्ट इयर." क्लब त्याच आठवड्यात स्पर्धेतून बाहेर पडला होता. आन्टीने टबकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि हसता हसता कपड्यांच्या दोरीला धरून उभी राहिली. "दॅट्स अस! दॅट्स अवर होल क्लब!" त्यानंतर दरवर्षी शेवटच्या सामन्याच्या भोंग्याला आमचा कोपरा उभा राहून खेळाडूंना हात जोडायचा आणि ओरडायचा, "पुढच्या वर्षी लवकर या!" खेळाडूही हात हलवायचे. त्यांना वाटत असेल, माओरी आहे किंवा टोंगन आहे.

आन्टीची नात जवळच्या मैदानावर लहान मुलींच्या लीग टीममध्ये खेळायची. एका शनिवारी कोच आला नाही, आणि आन्टीने आईला पुढे ढकललं. "यू डू द लेग्ज." आईने पदर नसताना पदर खोचल्यासारखा हात कमरेला लावला आणि मैदानात शिरली. मग दर शनिवारी जायला लागली. पावसात, चिखलात, मुलींच्या घोळक्यात. त्या छोट्या मुली आपल्या दुप्पट मुलींच्या घोट्याला लोंबकळायच्या आणि किंचाळायच्या, "पाय दर!" आई दुपारी घरी यायची ती गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेली, घसा बसलेला. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "आई, तुला मजा आली का?"

"मजा कसली? त्यांना काही येत नाही." आणि पुढचा तासभर ती मला कुणाला काय येत नाही ते सांगत होती.

२०१८ साली, मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना, क्लब जिंकायला लागला. बऱ्याच वर्षांनी बाद फेरीत पोचला. मी हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत अर्ज करायच्या बेतात होतो. घरात त्या शब्दाचा विषय कुणी काढत नव्हतं. कपापर्यंत मोजकेच सामने उरले होते, आणि पहिला सिडनीत, शनिवारी संध्याकाळी. त्या सकाळी मुलींच्या टीमचा बक्षीस समारंभ होता. बाबा आईला घेऊन गेले. मी घरी अर्जाकडे बघत बसलो.

संध्याकाळी सोफ्यावर तेच चौघं. बाबा आज चक्क हसत होते. मला ते विचित्र वाटलं. आमच्यांनी सुरुवात जोरात केली आणि बाबा मोकळ्या गळ्याने ओरडले. आईही ओरडली, "पाय धर!" पण मध्येच ती माझ्याकडे बघायची आणि काहीतरी बोलता बोलता पुन्हा टीव्हीकडे वळायची. मी मात्र दोन्ही बाजूंनी ओरडून घामाघूम झालो होतो. शेवटी हरलो. माझ्या आत काहीतरी सैल पडलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आई सोफ्यावर मागे टेकली आणि म्हणाली, "हरलो आपण."

सात वर्षं ती "ते हरले" म्हणत आली होती. मला तो शब्द कानाला लागला. पण मला वाटलं, दमली आहे.

मग मी हॅमिल्टनला आलो. इथल्या रोटोटुना भागात आमच्या ओळखीचे पुण्याचे एक काका-काकू आहेत, दोघंही आयटीतले. रविवारी तिथे आमटी-भात मिळतो. काका म्हणतात, "अरे, क्रिकेट बघ. निदान कधीतरी जिंकतो आपण." मी २०१९ चा अख्खा सीझन होस्टेलच्या कॉमन रूममध्ये बघितला, पुन्हा तसाच, अर्ध्या गळ्याने. क्लब पुन्हा खाली राहिला. आणि माझा इतिहासाचा निबंध शेवटाला आला, तेव्हा मला वाटलं, आता हे विचारायलाच हवं. माझ्या डिग्रीची दोन वर्षं शिल्लक होती. उद्या खरंच जिंकले तर?

रविवारी मी घरी फोन केला. बाबांनी उचलला. इकडचं तिकडचं बोलून मी म्हटलं, "बाबा, एक विचारू? तो घटासमोरचा शब्द... तो अजून आहे ना?"

मग बाबा म्हणाले, "कोणता? तो? अरे, तो तर तिने कधीच परत केला."

"कधी?"

"मागच्या वर्षी. मुलींच्या बक्षिसाच्या दिवशी. पार्किंगमध्ये. त्या पोरींनी तिला विचारलं, आन्टी, नेक्स्ट इयर तू आहेस ना? ही पटकन म्हणाली, आहे की, पुढच्या वर्षी लवकर या. मग गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, अहो, मी त्यांना हो म्हणून बसले. आता तुमचा शब्द तुम्हाला परत." बाबा खो खो हसायला लागले. "तुला सांगितलं नाही का कुणी? मला वाटलं तिने सांगितलं, तिला वाटलं मी."

मी कॉमन रूमच्या दारात उभा होतो. मला एवढंच दिसत होतं की तो संपूर्ण बाद फेरीचा सामना, आणि त्यानंतरचा संपूर्ण सीझन, मी पूर्ण गळ्याने ओरडू शकलो असतो.

मागून आईचा आवाज आला, "कोण आहे? दे इकडे." आणि मग तिने फोन घेतला. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "ऐक, पुढच्या वर्षीची तिकिटं काढली आहेत. तुझंही. आता जिंकू देत की रे त्यांना. कोण अडवतंय?"